तलफेची अवजारं

लोणारच्या विवराच्या काठावर, जिथून खालचं तळं पुरतं नजरेत मावतं, त्या कठड्यावर दोन वस्तू शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. एक पितळेची दुतोंडी डबी. मोठ्या तोंडात तंबाखू, लहान तोंडात चुना. कडा इतक्या झिजलेल्या की पितळ सोन्यासारखं दिसावं. दुसरी काळ्या प्लास्टिकची, अंगठ्यापेक्षा थोडी लांब, खालच्या टोकाला हिरवा दिवा. भाद्रपदातली दुपार होती. विवराच्या उतारावर दाट हिरवं रान, मागे शेतात सोयाबीनच्या शेंगा भरत आलेल्या.

डबी होती जवळच्या खेड्यातल्या एका शेतकऱ्याची. वय सत्तरीच्या अलीकडचं. नातवाच्या दाखल्यासाठी ते तहसीलला आले होते. साहेब जेवायला गेले म्हणून ते इकडे येऊन बसले होते. काळी वस्तू पुण्याहून मित्रांबरोबर आलेल्या, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातल्या मुलाची. मुलाने एक झुरका घेतला आणि पांढरा ढग आमच्या अंगावरून गेला.

“आंब्यावाणी वास येऊ राह्यला,” बाबा म्हणाले. “तंबाखूच हाय का हे?”

“तंबाखू नाही बाबा, निकोटिन आहे. तेच, पण लिक्विड.”

बाबांनी वस्तू हातात घेतली, उलटीसुलटी केली, तोंडाशी नेऊन नुसती हुंगली. मग जाणकाराने जाणकाराला विचारावं तसं विचारलं, “मग याच्यात चुना कुठी हाय?”

मुलाकडे उत्तर नव्हतं. त्या क्षणी माझ्याकडेही नव्हतं. पुढचे तीन दिवस मी लोणारात त्या प्रश्नाच्या मागे फिरलो.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी विषय दिला होता ‘हातातली अवजारं’. पाभर, करवत, कुंचला अशी नावं इतर लेखकांनी आधीच घेऊन ठेवली होती. मला आठवली माझ्या वडिलांची चंची. कामाचं अवजार जसं हाताला सरावतं, माणूस जसा आधी मिळेल ते वापरतो आणि मग आपल्या हाताजोगतं शोधतो, तसंच व्यसनाच्या अवजारांचंही होतं. त्यावर कुणी फारसं लिहीत नाही. लिहायला हवं असं मला वाटतं, कारण या बदलालाच आपण शहाणपण समजतो आणि फसतो.

गोडापासून सुरुवात

भेटेल त्या जुन्या खाणाऱ्याला मी एकच विचारत होतो: पहिल्यांदा तोंडात काय टाकलं? नुसती चुना-तंबाखू असं उत्तर एकानेही दिलं नाही. कुणी शाळेच्या वाटेवरची गोड सुपारी सांगितली, कुणी पंगतीनंतरचा विडा, कुणी गुटख्याची एक रुपयाची पुडी. याचं कारण शरीरात आहे. कोऱ्या माणसाने कोरडी तंबाखू तोंडात धरली तर ती ‘लागते’. डोकं गरगरतं, घाम फुटतो, पोट ढवळून येतं. निकोटिनची सवय नसलेलं शरीर ते विष म्हणूनच ओळखतं. गोडी, वेलदोडा, गुलाबाचा वास ही त्या ओळखीवर घातलेली चादर आहे. पुण्याच्या मुलाची सुरुवातही आंब्याच्या वासाच्या, वापरून फेकायच्या यंत्राने झाली होती. वसतिगृहातल्या खोलीसोबत्याने दिलं होतं. “सिगारेटचा वास मला सहनच होत नाही,” तो मनापासून म्हणाला.

गुटख्यावर महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये बंदी घातली. दुकानदारी थांबली नाही, अवजार बदललं. पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसरीत, आणि मिश्रण गिऱ्हाइकाच्या तळहातावर. पूर्व विदर्भातला खर्राही या भागात चांगलाच माहीत झालाय. ठेल्यावर तो घोटताना बघण्यासारखा असतो. बारीक कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घ्यायचा, पन्नीची घडी घालायची आणि तळहाताच्या जोराने फळीवर रगडत राहायचं. सुपारी ओलसर होते, चुना सगळीकडे भिनतो, रंग गडद होतो. एका ठेल्यावर हे काम आता यंत्र करतं. ठेलेवाल्याचं मनगट वाचलं. “पण जुनी गिऱ्हाइकं हातचाच मागतात,” तो म्हणाला.

ही पहिली पायरी परक्या हाताची असते. नवशिका ठेलेवाल्याच्या प्रमाणावर विसंबतो. महिना-दोन महिन्यांत तो सूचना देऊ लागतो: चुना कमी, पत्ती जास्त, सुपारी कच्चीच राहू दे. वर्षभरात त्याला ठेलेवाल्याचा हात फिका वाटायला लागतो. त्या दिवशी तो स्वतःची डबी विकत घेतो.

हातावरचं काम

बाबांनी माझ्यासमोर बार भरला तो मी घड्याळ लावून पाहिला. पावणेदोन मिनिटं. डाव्या तळहातावर डबीतून तंबाखू घेतली. बोटाने फिरवत दोन जाड काड्या वेचून टाकल्या. लहान तोंड उघडून अंगठ्याच्या नखाने ज्वारीच्या दाण्याएवढा चुना काढला. मग उजव्या अंगठ्याने मळायला सुरुवात. आधी गोल, मग बोटांच्या मुळापासून मनगटाकडे लांब रेघा. मधेच थांबून त्यांनी तळहात नाकाजवळ नेला. उग्र, नाकात चढणारा वास सुटला होता. “आता झाली,” ते म्हणाले. उजव्या हाताची चार बोटं तळहातावर थापटली, भुकटी उडाली, शेजारी बसलेल्या मला ठसका लागला. उरलेली चिमूट खालच्या ओठाच्या आत गेली.

या पावणेदोन मिनिटांत त्यांचं बोलणं एकदाही तुटलं नाही. सोयाबीनचा भाव, जावयाची नोकरी, सगळं चालू. हात आपलं काम जाणत होता.

चुन्याच्या बाबतीत हा माणूस फार हळवा. बाजारातली प्लास्टिकची चुना-पुडी त्यांना चालत नाही. ते चुनकळी आणतात, मडक्यात पाणी घालून विरवतात आणि वर पाण्याचा थर राहू देतात. चुना उघडा राहिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन त्याचा पुन्हा खडू होतो आणि तो निकामी ठरतो. बाबांना कार्बन डायऑक्साइड माहीत नाही. पण “चुना मेला” हे ते बोटाने ओळखतात. त्या प्लास्टिकच्या पुड्यांबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. लहान मुलं ती पुडी खेळायला घेतात, दाबतात, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात जातो. बुबुळ भाजतं. नेत्रतज्ज्ञांना अशा जखमा चांगल्याच ओळखीच्या आहेत. असं झालं तर काही न घालता, न चोळता, ताबडतोब स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुवायचा आणि दवाखाना गाठायचा. आणि त्याआधी, पुडी मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही.

गावात दैत्यसूदनाच्या प्राचीन देवळाकडून परतताना एका गल्लीत मशेरी भाजल्याचा वास आला. ओसरीवर बसलेल्या आजींनी न लाजता तवा दाखवला. हा तवा भाकरीचा नाही, हा वेगळा. काळी तंबाखू त्यावर धूर निघेपर्यंत भाजायची, थंड झाली की कुस्करायची, डब्यात भरायची. लग्न होऊन आल्या तेव्हा सासू भाजायची तीच आजी लावायच्या, सकाळी एकदा, दात घासायला. आता त्या स्वतः भाजतात आणि दिवसातून पाचेक वेळा लावतात. “दुसरीच्या हातची करपट लागते मले.” तवा चुलीवर होता तेव्हा पाळण्यातलं पणतवंड चार हातांवर झोपलं होतं. मी ते बोललो. आजींनी तवा तिथल्या तिथे उतरवला, पण भाजलेली मशेरी मात्र डब्यात भरून ठेवली.

पेटी, तार, कापूस

आता त्या काळ्या वस्तूकडे. आजची ई-सिगारेट चीनमधल्या होन लिक या औषधशास्त्रज्ञाने २००३ च्या सुमारास घडवली. सुरुवातीची यंत्रं सिगारेटसारखीच दिसायची, टोकाला लाल दिवासुद्धा. सिगारेट सोडू पाहणाऱ्याला ओळखीचा आकार हवा असतो. पण जिथे ही यंत्रं उघड विकली जातात त्या देशांत बरेच वापरणारे त्या आकारावर फार दिवस टिकले नाहीत. आधी पेनासारखी, पुन्हा भरता येणारी टाकी आली. मग हातात मावेल अशी पेटी, जिच्यात विजेचा जोर कमीजास्त करता येतो. त्याही पुढे गेलेले लोक धातूची तार स्वतः गुंडाळून कॉइल बनवतात, तिच्यातून कापसाची वात ओवतात आणि वातीवर द्रव टाकतात. वात दाट झाली तर द्रव चढत नाही आणि कापूस जळतो. विरळ झाली तर द्रव गळतो. म्हणजे तिथेही काड्या वेचणं आहे, प्रमाण आहे, अंगठ्याची समज आहे.

या मुलाचा प्रवास असाच. आधी फेकायचं यंत्र, मग भरता येणारं छोटं, मग कुणाकडून तरी मिळवलेली जड पेटी. “मित्रांत मी ढगवाला होतो.” सहा महिन्यांत कंटाळा आला. खिशात मावत नाही, कापूस बदलत बसावं लागतं. तो पुन्हा छोट्यावर उतरला. हेही पुष्कळांचं होतं. जी वस्तू आधी मिरवायची असते ती नंतर लपवायची असते. तो मोबाइलवर कापसाच्या वातीचे फोटो दाखवत होता तेव्हा बाबा वाकून बघत होते. त्यांच्या लहानपणी त्यांच्या आजोबांच्या चंचीत गारगोटी, चकमक आणि ठिणगी धरायला कापसाचा बोळा असे. “कापूस सुटला नाही म्हणायचा,” बाबा म्हणाले.

आपल्याकडे मात्र या शिडीची तऱ्हा वेगळी झाली. केंद्राने १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, साठवण, सगळ्यावर बंदी. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदी योग्यच आहे असं माझं मत आहे, पण तिचा एक परिणाम पाहायला हवा. चोरबाजारात सर्वांत सोयीचा माल म्हणजे छोटा, भरलेला, वापरून फेकायचा, गोड वासाचा. म्हणजे नेमकं नवशिक्याचं अवजार. मुलाला आता काय हवं आणि काय मिळतं यात अंतर आहे. मिळतं त्यात निकोटिन किती, द्रव कशाचा, हे वेष्टनावर लिहिलेलं खरं मानायला काही आधार नाही.

खाराचा प्रश्न

चुना कुठे, याचं उत्तर मला तळ्याच्या काठी उतरल्यावर सुचलं. लोणार नावातच लवण आहे. या तळ्याचं पाणी अल्कधर्मी, पीएच दहाच्या आसपास. साधं पाणी सात. उल्कापाताने बेसॉल्टमध्ये झालेल्या या विवरात, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या, पाणी साठतं आणि बाहेर वाहून जायला वाट नाही. ते फक्त उडून जातं आणि सोड्याचे क्षार मागे ठेवतं. ‘ऐन-इ-अकबरी’तही या जागेच्या क्षारांचा, काच आणि साबणाच्या संदर्भात, उल्लेख आहे. (त्याच अकबराच्या दरबारात असद बेगाने विजापुराहून तंबाखू नेली ती रत्नजडित नळीसकट. दख्खनेतून उत्तरेला तंबाखू पोचली ती आधी अवजार म्हणून, हे मला फार बोलकं वाटतं.)

तंबाखूच्या पानात निकोटिन आम्लाशी बांधलेलं असतं. बांधलेलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून सहज शिरत नाही. चुन्यासारखा अल्कली घातला, पीएच आठच्या वर गेला, की निम्म्याहून जास्त निकोटिन मोकळं होतं. मोकळं निकोटिन उडतं, म्हणूनच मळताना तो उग्र वास सुटतो, आणि ते गालाच्या आतून झपाट्याने रक्तात उतरतं. बाबा नाकाने मोजत होते ते हेच. ज्वारीच्या दाण्याएवढा चुना हा त्यांनी चाळीस वर्षांत बसवलेला मात्रेचा काटा आहे. जसजशी सवय मुरते तसा दाणा मोठा होतो.

मुलाच्या यंत्रात चुना नाही. तिथे नेमकं उलटं केलंय. मोकळं निकोटिन घशाला ओरबाडतं, म्हणून जुन्या धाटणीच्या मोठ्या पेट्यांत लोक ते थोडंच वापरतात, मिलिलिटरला तीन किंवा सहा मिलिग्रॅम. २०१५ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘जूल’ने बेन्झोइक आम्ल घालून निकोटिनचं क्षारात रूपांतर केलेला द्रव लोकप्रिय केला. घसा खवखवत नाही, त्यामुळे पन्नास मिलिग्रॅमच्या आसपासही माणूस आरामात ओढतो. तोंडाला अल्कली लागतो, कारण वाट गालातून आहे. इथे वाट फुप्फुसातून आहे, तिला इतका पसारा आहे की आम्लातलं निकोटिनही शिरतं. म्हणजे आंब्याच्या वासाच्या त्या नाजूक वस्तूत बाबांच्या डबीइतकाच दम असू शकतो, फक्त ‘लागली’ म्हणून सावध करणारा झटका काढून घेतलेला.

संध्याकाळी मी हे बाबांना फोनवर सांगितलं. ते थोडं थांबून म्हणाले, “म्हणजे पोराले कळतच नाही किती झाली ते.”

डॉक्टर डबी विचारतात

तालुक्याच्या गावात दात आणि तोंडाचे विकार पाहणारे एक डॉक्टर भेटले. त्यांची तपासणी तीन बोटांनी सुरू होते. रुग्णाने स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायची. मावली तर बरं. खर्रा-गुटखा खाणाऱ्या कित्येक तरुणांची दोनच मावतात. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर ताठर होत जातं, तोंड उघडेनासं होतं, साधी भाजी तिखट लागते. पुढे त्यातून कर्करोग होऊ शकतो. धूरविरहित तंबाखू आणि सुपारी दोन्ही कर्करोगकारक आहेत, यात आता शंका उरलेली नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ तोंडात धरायची तंबाखू वापरत होते आणि धूर ओढणारे होते ३.८ टक्के. आपला प्रश्न डबीचा आहे.

“मी ‘किती खाता’ असं आधी विचारत नाही,” डॉक्टर म्हणाले. “लोक कमी सांगतात. मी विचारतो, पूर्वी काय खायचात, आता काय खाता, आणि का बदललं.” कारण बदल हीच खूण असते. एका गालात पांढरा चट्टा आला, झोंबायला लागलं, की जुना खाणारा बार दुसऱ्या गालात धरतो. दात हलू लागले की अख्खी सुपारी सोडून कातरलेली, मग भुकटी. तोंड उघडेना की खर्रा सोडून चिमटीत मावणारी चुना-तंबाखू. विचारलं तर तो म्हणतो, आता मी सुपारी सोडली, साधीच खातो.

हे ऐकताना माझ्या पोटात गोळा आला. माझ्या वडिलांनी पन्नाशीत अडकित्ता बाजूला ठेवला होता. चंचीतली सुपारी गेली, कात गेला, राहिली फक्त बारीक पत्ती आणि चुना. आई शेजारणींना कौतुकाने सांगायची की यांनी निम्मं सोडलं. आम्हा भावंडांनाही तसंच वाटलं. जेवताना ते भाकरी दुधात कुस्करून घ्यायचे, तेही आम्ही वयावर घातलं. त्यांची अवजारं कमी होत होती ती तोंड मिटत चाललं होतं म्हणून. दोन वर्षांनी खालच्या जबड्याचा डावा भाग काढावा लागला. पुढे ते चौदा महिने होते. ती चंची माझ्या कपाटात आहे आणि अडकित्त्याची धार अजून चांगली आहे.

म्हणून कुणाच्या घरात कुणी ‘आता हलकं घेतो’ म्हणून डबी बदलली असेल, तर कृपा करून त्याला उजेडात बसवा आणि तीन बोटं मावतात का बघा.

नवं अवजार

परत निघायच्या दिवशी बाबा बसस्थानकापाशी भेटले. डॉक्टरांकडे मीच त्यांना पाठवलं होतं. डाव्या बाजूला, खालच्या ओठाच्या आत, जिथे चाळीस वर्षं बार बसला तिथे, पांढरट सुरकुतलेला पट्टा निघाला. तुकडा तपासायला पाठवला आहे. डॉक्टरांनी १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवणाऱ्या मोफत राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक लिहून दिला आणि दोन मिलिग्रॅमच्या निकोटिन-गोंदाची पट्टी दिली.

या गोंदात काय असतं ते मी वाचून आलो होतो. निकोटिन, आणि ते गालातून शिरावं म्हणून सोडियम कार्बोनेट. सोडाच, लोणारच्या तळ्यातल्या क्षारांचाच भाऊबंद. मी तसं सांगितल्यावर बाबांचा चेहरा जरा निवळला. “म्हणजे याच्यात चुना हाय.”

त्यांनी एक गोंद तोंडात टाकला आणि चघळायला लागले, कचाकच, पोरं चघळतात तसे. मिनिटाभरात उचकी लागली. मी चिठ्ठीवरच्या सूचना वाचून दाखवल्या. सारखं चघळायचं नाही. हळू चार-पाच वेळा चावायचं, तिखट-झणझणीत लागलं की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्यायचं. झणझण ओसरली की पुन्हा चावायचं. आधी पंधरा मिनिटं चहा नको, सरबत नको, आंबट काही नको. एक गोंद अर्धा तास.

“अर्धा तास?” बाबांनी विचारलं. पुन्हा उचकी आली. दुखऱ्या बाजूला ठेवू नका, उजवीकडे ठेवा, असं मी म्हणालो. त्यांनी जिभेने गोंद उजवीकडे न्यायचा प्रयत्न केला, तो निसटून वर दाढेत अडकला. बोट घालून त्यांनी तो काढला, पुन्हा ठेवला. उजवा अंगठा मांडीवरच्या डाव्या तळहातावर आपोआप फिरत होता. मेहकरची गाडी लागली तेव्हा ते उठले आणि दारात वळून म्हणाले, “किती वेळा चावायचं म्हणले? चार का पाच?”